नाल्याजवळ भूमिगत कोळसा खाण : जमीन किती खचली एवढेच मोजणे पुरेसे आहे का?

नाल्याकाठचा

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या वणी भागात, वर्धा नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी आहे. गावालगत जुनी भूमिगत कोळसा खाण असून तिच्यात आजवर फक्त गॅलऱ्या, म्हणजे कोळशातले बोगदे, काढल्या गेल्या आणि छप्पर तोलण्यासाठी कोळशाचे खांब, म्हणजे पिलर, उभे ठेवले गेले. आता ते पिलर काढण्याचा, म्हणजे डिपिलरिंगचा, प्रस्ताव आला आहे आणि त्यातली काही पॅनेल, म्हणजे कामासाठी आखलेले खाणीचे भाग, नाल्याच्या अगदी जवळ येतात. नाला बारमाही नाही; परंतु त्यातले मोठे डोह होळीपर्यंत पाणी धरतात, गावाची गुरे त्यांवर जगतात आणि काठच्या विहिरींची पातळीही त्यांच्याशी जोडलेली आहे, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत.

ग्रामसभेत आम्हाला सांगण्यात आले की जमिनीवर खुंट्या रोवल्या जातील, त्यांची पातळी नियमित मोजली जाईल आणि म्हणून काळजीचे कारण नाही. मला हे उत्तर अपुरे वाटते. खुंटी किती खाली गेली हे कळल्याने डोहातले पाणी कोठे गेले हे कळत नाही. जाणकारांनी सांगावे की आम्ही नेमके काय मोजायला लावावे, ते केव्हापासून मोजायला लावावे आणि कोणता आकडा ओलांडला की काम थांबवा असे म्हणावे.

जुना सर्व्हेअर

मी कोळसा खाणींमध्ये सर्व्हेअर म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे खुंट्यांपासूनच सुरुवात करतो.

पिलर काढल्यावर छप्पर कोसळते आणि पोकळी मोडक्या दगडाने भरते. तिला आम्ही गोफ म्हणतो. परंतु हा मोडका दगड मूळ कोळशाची जागा पूर्णपणे भरू शकत नाही, म्हणून वरचे थर वाकत खाली येतात आणि पुरेशा रुंद पॅनेलवर जमिनीला बशीसारखा उथळ खोलगट आकार येतो. जमीन सर्वांत जास्त खचते ती मध्यभागी, पण रुंद भेगा बहुतेक वेळा कडेच्या पट्ट्यात पडतात, कारण तेथे जमीन ताणली जाते. म्हणून नुसती पातळी मोजणे हे अर्धेच काम आहे. लगतच्या दोन खुंट्यांमधले अंतरही प्रत्येक वेळी पोलादी टेपने किंवा टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने मोजले पाहिजे. त्यातूनच मिलिमीटर प्रति मीटर असा ताण निघतो. वनजमिनीखालच्या खाणकामासाठी हा ताण २० मिमी प्रति मीटरच्या आत ठेवण्याची अट घातली जाते. ती अट झाडे आणि वनजमीन डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. पाण्याला वाट मिळण्यासाठी त्याहून पुष्कळ कमी ताण पुरतो. त्यामुळे ‘आम्ही २० च्या आत आहोत’ हे वाक्य नाल्याच्या बाबतीत उत्तर म्हणून स्वीकारू नये.

खुंट्यांच्या ओळी पॅनेलच्या लांबीत आणि रुंदीत, अशा दोन्ही दिशांनी हव्यात आणि त्या पॅनेलच्या हद्दीबाहेर पुरेशा दूर गेल्या पाहिजेत. आणखी एक मुद्दा वणी भागासाठी फार महत्त्वाचा आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे उथळ रोवलेली खुंटी खाणकामाशिवायच वर-खाली होते. ज्या बेंचमार्कवरून मोजणी होते तो खचावाच्या टप्प्याबाहेर आणि पक्क्या खडकापर्यंत नेलेल्या काँक्रीटवर असला पाहिजे. तो काळ्या मातीत असेल तर सगळी मोजणी संशयास्पद ठरते.

नियमाविषयीही सांगतो. कोळसा खाण विनियमांप्रमाणे नदी, कालवा किंवा तलावाच्या थेट खाली, तसेच काठापासून आडव्या १५ मीटरच्या आत, खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या लेखी परवानगीशिवाय काम करता येत नाही. हा नियम वरचे पाणी खाणीत शिरून कामगार बुडू नयेत यासाठी आहे. नाल्याचे पाणी टिकावे यासाठी तो लिहिलेला नाही, आणि ही दोन उद्दिष्टे वेगळी आहेत हे ग्रामसभेने ध्यानात ठेवावे.

मृगधारा

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर काही क्षणांत जमिनीत गडप झाले, हे आपल्या भागातील सर्वांना आठवत असेल. कुटुंब वेळेत बाहेर पडले म्हणून वाचले. तेथे खाली जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळ्या होत्या. खुंट्या मोजण्याची पद्धत अशा घटनेची पूर्वसूचना देते का?

जुना सर्व्हेअर

मृगधारा, बहुतेक वेळा देत नाही. पिलर काढून छप्पर पाडले तर खचाव लवकर होतो आणि त्याचा मोठा भाग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उरकतो, म्हणून तो मोजता येतो. पिलर उभे ठेवून सोडलेल्या उथळ खाणीत मात्र छप्पर थोडेथोडे गळत पोकळी वर सरकत राहते आणि अनेक दशकांनंतर एका दिवशी पृष्ठभागावर विहिरीसारखा खड्डा उघडतो. त्यापूर्वी वरची जमीन जवळजवळ हललेली नसते. अशा ठिकाणी जुने नकाशे, भोके पाडून केलेली तपासणी आणि पोकळी भरून काढणे हाच उपाय आहे. नाल्याच्या पात्राखाली उथळ जुन्या गॅलऱ्या असतील तर हा धोका तेथेही आहे, आणि पावसाळी पाणी तो वाढवते.

इलावारा

मी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीच्या दक्षिणेला जलविज्ञानाचे काम करतो. मूळ प्रश्न वाचल्यावर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण येथे याच प्रश्नावर गेली अनेक वर्षे वाद चालू आहे आणि त्याची किंमत ओढ्यांनी मोजली आहे.

येथील सदर्न कोलफील्डमध्ये बुली नावाचा कोळशाचा थर बऱ्याच ठिकाणी ४०० ते ५०० मीटर खोलीवर आहे आणि तो लाँगवॉल पद्धतीने, म्हणजे मध्ये पिलर न ठेवता लांब सलग पट्ट्यात, काढला जातो. इतक्या खोलीवरच्या कामाचा वरच्या ओढ्याला धक्का लागणार नाही, असा समज एकेकाळी होता. प्रत्यक्षात वाराटा रिव्ह्युलेट या ओढ्याच्या वालुकाश्माच्या तळाला तडे गेले आणि जे डोह दुष्काळातही भरलेले असत ते रिकामे झाले. हा ओढा वोरोनोरा जलाशयाला, म्हणजे सिडनीच्या दक्षिण उपनगरांच्या पिण्याच्या पाण्याला जाऊन मिळतो. पाणी तळाच्या फुटलेल्या थरातून खालून वाहत जाते आणि काही अंतरावर पुन्हा वर येते, तेव्हा ते लोहामुळे नारिंगी झालेले असते. त्याआधी १९९० च्या दशकात कॅटरॅक्ट नदीच्या घळीतही असेच घडले होते. तेथे तळातून वायूचे बुडबुडे येऊ लागले आणि काठची झाडे वाळली.

कारण असे की दरी असलेल्या भागात खाणकाम झाले की दोन्ही काठ एकमेकांकडे सरकतात. त्या दाबाने तळाचा खडक वर उचलला जातो, वाकतो आणि फुटतो. एकूण जमीन खाली गेलेली असते, पण नाल्याचा तळ आजूबाजूच्या मानाने कमी खाली गेलेला असतो. म्हणजे फक्त खचाव पाहणाऱ्याला नाल्यात ‘नुकसान कमी’ दिसते आणि तेथेच खडक फुटलेला असतो. नाल्याकाठचा यांची शंका म्हणूनच बरोबर आहे. येथे आता ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर आडव्या रेषा आखून काठ किती जवळ आले ते मोजतात. डोहांमध्ये पातळी नोंदवणारी यंत्रे असतात, काठावरच्या बोअरमध्ये निरनिराळ्या खोलीवर पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर असतात, आणि खाणकामापासून दूर असलेला तशाच प्रकारचा एक ओढा तुलनेसाठी मोजला जातो. हा तुलनेचा ओढा नसेल तर डोह आटल्यावर प्रत्येक जण पाऊस कमी झाला म्हणून सांगतो आणि ते खोडून काढण्यासाठी हातात काहीच राहत नाही.

२००८ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला आणि त्यानंतर परवानग्यांच्या अटी बदलल्या. काठ जवळ येण्याचा अंदाज २०० मिलिमीटरच्या आत ठेवला तर सुमारे १० टक्के डोहांनाच बाधा होईल, असा ठोकताळा वापरात आला. मात्र ईस्टर्न ट्रिब्युटरी नावाच्या ओढ्यावर अंदाज या मर्यादेत असतानाही डोह आटले. अंदाज कितीही काळजीपूर्वक केला तरी तो प्रत्यक्ष मोजणीची जागा घेऊ शकत नाही.

गोफ

मी खाण अभियंता आहे आणि इलावारा यांच्या प्रतिसादाशी आदरपूर्वक असहमत आहे. त्यांनी दिलेली माहिती खरी आहे, परंतु ती आपल्या भूभागाला तशीच्या तशी लावणे धोक्याचे ठरेल. तेथे खोल घळी आहेत, तळाला उघडा कठीण वालुकाश्म आहे आणि शेकडो मीटर रुंदीची लाँगवॉल पॅनेल आहेत. वर्धा खोऱ्यात जमीन जवळजवळ सपाट आहे, नाल्याचे काठ मातीचे आहेत, खाली कामठी वालुकाश्म आणि त्याखाली कोळसा असलेला बराकर थर आहे. काठ जवळ येऊन तळ फुटण्याची क्रिया येथे मुख्य नाही.

आपल्याकडचा खरा धोका उथळपणाचा आहे. कोळसा तीन मीटर जाडीने काढला आणि तो शंभर मीटर किंवा त्याहून कमी खोलीवर असेल, तर गोफच्या वरचा फुटलेला पट्टा आणि पृष्ठभागावरून खाली जाणाऱ्या भेगा एकमेकांना भेटण्याची शक्यता असते. कामठी वालुकाश्म स्वतः पाणी धरणारा आहे, त्यामुळे नाल्याचे आणि विहिरींचे पाणी दोन्ही खाणीत उतरू शकतात. पावसाळ्यात हा प्रश्न डोहांपुरता राहत नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये धनबादजवळच्या गजलीटांड खाणीत कतरी नदीच्या पुराचे पाणी शिरले आणि ६४ कामगार बुडून मेले. नाल्याजवळची भेग ही गावाची चिंता आहे तशीच ती खाली काम करणाऱ्या माणसाच्या जिवाची चिंता आहे, आणि म्हणून मला वाटते की गाव आणि कामगार यांनी ही मागणी एकत्र करावी.

इलावारा

गोफ यांचा भूरचनेबद्दलचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि कामगारांबद्दलचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. माझा आग्रह पद्धतीपुरता आहे. काठ सरकोत की भेगा थेट खाली जावोत, दोन्ही बाबतींत नाल्यातले पाणी मोजल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

तुमच्या उथळ खाणीत आणखी एक मोजमाप सहज हाती येण्यासारखे आहे आणि ते म्हणजे खाणीतून रोज किती पाणी उपसले जाते हे. पाऊस पडल्यावर उपसा किती दिवसांनी आणि किती वाढतो याची जुनी नोंद काढावी. डिपिलरिंगनंतर तोच वाढता उपसा पावसापाठोपाठ काही तासांत दिसू लागला, तर पृष्ठभाग आणि गोफ यांच्यात थेट वाट तयार झाली असा संशय घेतलाच पाहिजे.

आणि एक सावधगिरी बाळगावी. उपसलेले पाणी बहुधा त्याच नाल्यात सोडले जाते. प्रवाह मोजण्याची जागा त्या सोडण्याच्या ठिकाणाच्या खालच्या अंगाला असेल, तर नाल्याने गमावलेले पाणी पंपातून फिरून मोजणीत परत येते आणि कागदावर नाला ठणठणीत दिसतो. मोजणीची एक जागा पॅनेलच्या वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला, आणि दोन्ही जागा सोडलेल्या पाण्याच्या ठिकाणाआधी असल्या पाहिजेत.

मृगधारा

पंपाच्या पाण्याचा हा मुद्दा आमच्याकडे आजवर कोणीही मांडला नव्हता. आमच्या नाल्यात उन्हाळ्यातही वाहते पाणी दिसते आणि ते दाखवून नाला जिवंत असल्याचे आम्हाला सांगितले जाते. वरच्या अंगाचा डोह मात्र पौषातच कोरडा पडू लागला आहे.

रूरवासी

मी जर्मनीच्या रूर भागात राहतो. गोफ यांनी सपाट जमिनीचा उल्लेख केला म्हणून लिहितो, कारण सपाट जमिनीचा स्वतःचा वेगळा प्रश्न आहे आणि तो येथे शंभराहून अधिक वर्षे भोगला जात आहे.

सपाट प्रदेशातील नाल्याचा उतार फार कमी असतो. किलोमीटरला एखादा मीटर समजा. अशा नाल्याखाली दोनशे मीटर लांबीच्या टप्प्यात जमीन एक मीटर खचली, तर त्या टप्प्याच्या खालच्या टोकाला नाल्याचा उतार उलटा होतो. पाणी पुढे जात नाही, तुंबते, आणि काठची शेते दलदलीत जातात. एमशर नदीच्या खोऱ्यात नेमके हेच झाले. खाणकामामुळे जमीन सतत हलत असल्याने भूमिगत गटारे टिकत नव्हती, म्हणून संपूर्ण नदीच काँक्रीटमध्ये बांधून उघडे गटार करण्यात आली. ती पूर्ववत करण्याचे काम १९९२ मध्ये सुरू झाले, सांडपाणी २०२१ च्या अखेरीस तिच्यातून पूर्णपणे बाहेर काढले गेले आणि त्यासाठी पाच अब्ज युरोंहून अधिक खर्च झाला. जर्मनीतील शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. तरीही खचलेल्या भागात पाणी साचू नये म्हणून पंप चालूच आहेत आणि ते कायम चालवावे लागणार आहेत. त्या खर्चासाठी स्वतंत्र निधी उभारलेला आहे.

म्हणून नाल्याकाठचा यांनी नाल्याच्या तळाचा लांबीतला छेद, म्हणजे पॅनेलच्या वरून खालपर्यंत तळाची पातळी, खाणकामापूर्वी मोजून घ्यावी आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावी. खुंट्यांच्या ओळी सहसा शेतांतून जातात. नाल्याच्या पात्रातून कोणी ओळ नेत नाही.

वावर

मी शेतकरी आहे. काळ्या मातीला चैत्र-वैशाखात भेगा पडतातच, कधी हात आत जाईल एवढ्या. खाणीमुळे पडलेली भेग आणि उन्हाची भेग यांत फरक कसा करायचा, हे कोणी सांगेल का? आमच्याकडे तक्रार केली की ‘ही तर काळ्या मातीची भेग आहे’ असे उत्तर मिळते आणि प्रश्न तेथेच संपतो.

जुना सर्व्हेअर

वावर, हा फरक करता येतो. उन्हाची भेग जाळीसारखी पसरलेली असते, तिच्यात दिशा नसते, दोन्ही कडा एकाच पातळीवर असतात आणि दमदार पावसानंतर ती मिटते. खाणीची भेग लांब आणि पॅनेलच्या कडेला जवळजवळ समांतर जाते. ती धुरा, पांदण, रस्ता, विहिरीचे बांधकाम यांपैकी काहीही न जुमानता सरळ पुढे जाते. पुष्कळदा तिची एक कड दुसरीपेक्षा खाली बसलेली असते, आणि पावसाने वरचे तोंड बुजले तरी पुढच्या वर्षी ती त्याच रेषेत पुन्हा उघडते. मुरमाड जागेतही ती दिसते, जेथे उन्हाची भेग पडत नाही.

खाणीचे काम सुरू होण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात शेते, नाल्याचे काठ आणि विहिरींच्या भिंती यांची छायाचित्रे तारीख व जागेच्या नोंदीसह काढून ठेवावीत आणि त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी जमा करून पोच घ्यावी. पावसाआधी भेगा मातीने बुजवणे हे खाणीचे काम आहे, परंतु बुजवण्यापूर्वी तिची लांबी, रुंदी आणि जागा नकाशावर उतरलीच पाहिजे. बुजवलेली आणि न नोंदवलेली भेग ही अस्तित्वातच नव्हती असे पुढे ठरते.

भूचित्र

उपग्रहांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे सांगतो. रडार उपग्रहाच्या दोन फेऱ्यांतील संकेतांची तुलना करून जमिनीची हालचाल काढता येते. युरोपच्या सेंटिनेल-१ ची माहिती मोफत मिळते आणि तिचा मोठा फायदा असा की २०१४ नंतरच्या जुन्या प्रतिमा उपलब्ध आहेत, म्हणजे मोजणी सुरू होण्याआधीच्या काळातही मागे जाऊन पाहता येते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हा इस्रो आणि नासाचा उपग्रह लांब तरंगलांबी वापरतो आणि दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परत येतो, त्यामुळे झाडे आणि पिके असलेल्या भागात तो अधिक उपयोगी पडेल.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सेंटिनेलची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर आहे. कापसाचे किंवा तुरीचे पीक वाढत असताना दोन फेऱ्यांमधला संबंध तुटतो आणि मोजणी हरवते. डिपिलरिंगच्या वेळी जमीन काही दिवसांत वीस-तीस सेंटिमीटर खचली तर ती उडी या पद्धतीला ओळखता येत नाही. उत्तर-दक्षिण दिशेची हालचाल तिला जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे काठ त्या दिशेने सरकत असतील तर उपग्रह त्याविषयी मौन राहील. आजूबाजूच्या मोठ्या परिसरातील हळू हालचालीसाठी आणि जुन्या खाणींवर लक्ष ठेवण्यासाठी तो उत्तम आहे. नाल्याच्या काठावरच्या खुंट्यांना मात्र तो पर्याय नाही.

गोफ

मोजणीबद्दल एवढे झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मोजणीने खचाव थांबत नाही. नाल्याजवळच्या पॅनेलमध्ये छप्पर न पाडता पोकळी भरून काढली, म्हणजे स्टोविंग केले, तर खचाव अगदी थोडा राहतो. पाण्याबरोबर वाळू सोडून घट्ट भरणी केली तर तो काढलेल्या जाडीच्या साधारण पाच टक्क्यांपर्यंत आणता येतो, तर छप्पर पाडल्यास तो साठ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. दुसरा मार्ग म्हणजे नाल्याखालचे आणि नाल्यालगतचे पिलर मुळीच न काढणे.

वावर

ती वाळू वर्धेच्या आणि वैनगंगेच्या पात्रातूनच येणार असेल तर एक नाला वाचवण्यासाठी नदी खरवडल्यासारखे होईल. भरणीसाठी औष्णिक वीज केंद्राची राख वापरा असे सुचवले जाते, पण राखेतले घटक भूजलात उतरणार नाहीत याची खात्री कोण देणार? मला पिलर न काढण्याचा मार्गच बरा वाटतो.

गोफ

वावर यांची हरकत रास्त आहे. राखेच्या भरणीला परवानगी मागितली गेली तर आसपासच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी आधीपासून व्हावी, ही मागणी करता येईल. पिलर न काढल्यास कोळसा कायमचा अडकून राहतो हे खरे, पण पाण्याशेजारच्या काही पिलरपुरता तो तोटा स्वीकारण्याजोगा आहे, असे माझेही मत आहे.

कलम

मी वकील आहे. आतापर्यंतच्या चर्चेत मला एक उणीव दिसते. सगळ्या मोजण्या झाल्या, आकडेही आले, तर पुढे काय व्हायचे हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर त्या आकड्यांचा उपयोग पुढच्या भांडणात पुरावा म्हणून तेवढाच होतो. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १९९४ च्या ‘अ‍ॅक्ट ५४’ प्रमाणे भूमिगत खाणकामाचा घरे, विहिरी आणि ओढ्यांवर काय परिणाम झाला याचा अहवाल दर पाच वर्षांनी प्रसिद्ध करावा लागतो, ही चांगली तरतूद आहे. तरीही तेथील रायर्सन स्टेशन उद्यानातील धरणाला तडे गेल्यामुळे २००५ मध्ये तलाव रिकामा करावा लागला, कारण कोणते यावर वर्षानुवर्षे वाद झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली आणि २०१५ मध्ये, जमीन अजून हलत असल्याने धरण पुन्हा बांधायचे नाही, असे राज्याला ठरवावे लागले. भरपाई मिळाली, तलाव मिळाला नाही.

आपल्याकडे पर्यावरण मंजुरीच्या अटी असतात आणि त्यांच्या पालनाचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबर या तारखांना द्यावा लागतो. जुन्या मंजुरीतील अटी आणि आजवरचे अहवाल माहिती अधिकारात मागवावेत. खचाव मोजणीचे तक्ते त्यांना जोडलेले आहेत का हे पाहावे. नव्या प्रस्तावासाठी जनसुनावणी होणार असेल तर तेथे मोजणीची मागणी आकड्यांसह लेखी द्यावी, म्हणजे ती इतिवृत्तात येईल. ‘योग्य ती काळजी घ्यावी’ असे वाक्य अटीत आले तर ते अमलात आणता येत नाही. ‘डोहाची पातळी तुलनेच्या नाल्यातील डोहापेक्षा इतक्या सेंटिमीटरने अधिक उतरली तर त्या पॅनेलमधले काम थांबेल आणि तपासणी होईपर्यंत सुरू होणार नाही’, असे वाक्य अमलात आणता येते.

नाल्याकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. माझा मूळ प्रश्न तीन अंगांचा होता आणि आता ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी मी जे लिहिणार आहे ते येथे मांडतो. काही राहिले असेल तर सांगावे.

पिलर काढण्यापूर्वी निदान एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा मोजणी झालेली असावी. तिच्यात नाल्याच्या तळाचा छेद, डोहांची पातळी, काठच्या विहिरींची पातळी, खाणीच्या पाण्याचा उपसा आणि शेजारच्या खोऱ्यातील एका तशाच नाल्याची तुलनेसाठीची नोंद असावी. खुंट्यांची पातळी आणि त्यांच्यातले अंतर दोन्ही मोजले जावे, काही रेषा नाल्याच्या या काठावरून त्या काठावर जाव्यात आणि बेंचमार्क खडकावर असावा. नाल्यालगतच्या पॅनेलमधील पिलर काढू नयेत ही आमची पहिली मागणी राहील; ती मान्य झाली नाही तर भरणीची पद्धत, भरणीचे साहित्य कोठून येणार हे, आणि काम थांबवण्याचे आकडे मंजुरीच्या अटीतच लिहिले जावेत. गावाला आणि खाणीतील कामगार प्रतिनिधींना मोजणीचे तक्ते दर महिन्याला मराठीत मिळावेत.

इलावारा

एकच भर घालतो. मोजणी डिपिलरिंग संपल्यावर बंद होऊ नये. वाराटा रिव्ह्युलेटचे तडे राळ भरून बुजवण्याचे प्रयत्न येथे झाले आणि ते टिकले की नाही हे कळण्यासाठी नंतरची मोजणीच उपयोगी पडली. खाण बंद होऊन पंप थांबल्यावर भूजल पुन्हा वर येते, तेव्हाही नाल्याच्या पाण्याची प्रत बदलू शकते.

जुना सर्व्हेअर

मसुदा चांगला आहे. प्रवाहाच्या मोजणीसाठी एक सोपी गोष्ट गावाने स्वतः करावी. नाल्याच्या अरुंद जागी काटकोनी खाच असलेला लहान बंधारा बांधून खाचेच्या तळापासून पाण्याची उंची मोजली की प्रवाह काढता येतो. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर आणि २० सेंटिमीटर असेल तर सुमारे पंचवीस लिटर पाणी वाहते. उंची मात्र खाचेच्या थोडे मागे, संथ पाण्यात मोजावी. शाळेतील मुलांनाही हे शिकवता येईल. खाणीच्या तक्त्याशेजारी गावाचा स्वतःचा तक्ता असेल तर चर्चा वेगळ्या पातळीवर होते. पात्रात बांधकाम करण्याआधी पाटबंधारे खात्याला कळवावे आणि बंधारा पहिल्या पावसाआधी उभा राहील असे पाहावे, म्हणजे या वर्षीचा पावसाळा नोंदीबाहेर जाणार नाही.